भावाचा उपास

साखराबाईचा दिवस रोजच्यासारखाच उजाडला होता. म्हशीची धार काढून झाली होती, भाकरी थापून झाल्या होत्या, आणि खुरपं घेऊन ती सोयाबीनच्या रानात निघायच्या बेतात होती. नायगाव तालुक्यातल्या त्या लहानशा गावात सकाळच्या वेळी दारात जीप थांबली की शेजारपाजार डोकावतं. तशी शेजारीण डोकावली, आणि जीपमधून साखराबाईचा धाकटा भाऊ भागवत उतरताना तिलाच आधी दिसला.

"अक्का, चल. पंचमीला न्यायला आलो."

मराठवाड्यात लेकीला नागपंचमीला न्यायला माहेरचा माणूस येतो, त्याला मुराळी म्हणतात. साखराबाई काही कालची नवरी नव्हती, स्वतः सासू झालेली बाई. पण मुराळ्याची वाट बघायला वयाची अट नसते. वडील दगडोबा होते तोवर तिचा मुराळी कधी चुकला नाही. ते गेले आणि भागवतला सवडच होईना. एकदा पेरणी लांबली, एकदा गुडघा धरला, एकदा फोनवरच म्हणाला, "येऊन जा की तूच." आता आपणहून माहेरी गेलेल्या बाईला काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे पुरुषाला सांगून कळायचं नाही. साखराबाई गेली नाही. आज भाऊ दारात आलेला पाहून तिला रडूच आलं, आणि रडू लपवायला ती चहा टाकायला आत गेली.

नवरा तंबाखू मळत ओट्यावर बसला होता. तो एवढंच म्हणाला, "जा. तुझं माहेर हाय."

जीपमध्ये भागवतनं तिच्या मांडीवर एक पुडकं ठेवलं. आत जरीकाठाची नवी साडी होती. "उद्या नेस. उद्या किनवटला जाऊन बांगड्या बी भरू तुला." साखराबाईनं साडीवरून हात फिरवला. हा भाऊ तिनं कडेवर वागवला होता. आई शेतात असायची, आणि हा हिच्या कमरेला चिकटलेला. त्याचा शेंबूड पुसता पुसता हिची शाळा चौथीत सुटली. त्याची तिनं कधी तक्रार केली नाही.

किनवट मागे पडलं आणि सागाचं रान सुरू झालं. बेलदरी हे तिचं माहेर अभयारण्याच्या अगदी उंबऱ्यावर. गावाचं शिवार संपतं तिथं ओढा, आणि ओढ्यापलीकडे वनखात्याची हद्द. रस्त्यात एका ठिकाणी मोठा फलक लावला होता, "वीज केंद्र हटवा, अभयारण्य वाचवा". थोडं पुढं दुसरा, "आम्हाला रोजगार पाहिजे".

"हे काय रं भागवत?"

"रिकामटेकड्यांचे उद्योग," भागवत म्हणाला आणि त्यानं पोराबाळांची चौकशी सुरू केली.

रिकामटेकड्यांचे उद्योग मात्र नव्हते. बेलदरीच्या शिवारात कोळशावर चालणारं वीज केंद्र येऊ घातलं होतं. कोळसा रेल्वेनं किनवटला येणार, ओढ्यावर बांध घालून पाणी घेणार, आणि राख टेकडीच्या अंगाला टाकणार. ज्या ओढ्यावर उन्हाळ्यात हरणं, रानडुकरं, कधीमधी अस्वलसुद्धा पाण्याला येतं, तोच तो ओढा. गाव दोन तुकड्यांत फाटलं होतं. जमीन देणाऱ्या घरात एकाला नोकरी, असं कंपनीच्या माणसानं सांगितलं होतं, आणि भागवतचा मुलगा आदिनाथ आयटीआय करून घरी बसून होता. पोराचं लग्न ठरत नव्हतं. बापाला रात्रंदिवस तोच घोर. माणूस वाईट नव्हता हो भागवत. वाईट माणसाची गोष्ट सांगायला फार सोपी असते.

अडचण एकच होती. ओढ्याकडचं रान दगडोबाचं होतं, आणि दगडोबा वारल्यावर वारसांत भागवतच्या नावाखाली साखराबाईचंही नाव लागलं होतं. तिनं हक्क सोडल्याशिवाय ते रान कंपनीला देता येत नव्हतं. आणि ते रान मिळाल्याशिवाय कंपनीला ओढा मिळत नव्हता.

हे सगळं साखराबाईला कुणी सांगितलं नव्हतं. ते कळलं संध्याकाळी, आणि तेही परक्याकडून.

भागवत डेअरीवर दूध घालायला गेला होता. तेवढ्यात वसंतराव आले. किनवटच्या हायस्कुलातून निवृत्त झालेले हे शिक्षक अभयारण्य बचाव समितीचे अध्यक्ष. बेलदरीत त्यांचीही वाडवडिलांची जमीन. पांढरा सदरा, खांद्यावर शबनम, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला आपण वर्गात बसलोय असं वाटावं. ते ओसरीवर बसले आणि हात जोडून म्हणाले, "साखराताई, उद्या तुम्ही सही करू नका. आमची सगळ्यांची विनंती आहे."

"कसली सही?"

वसंतराव गोंधळले. "उद्या किनवटला... नोंदणी कार्यालयात... हक्कसोड करायला नेणार आहेत ना तुम्हाला?"

"बांगड्या भरायला न्यायलेत," साखराबाई म्हणाली. म्हणता म्हणता तिच्या ध्यानात आलं. साडी कशाची, जीप कशाची आणि मुराळी कशाचा, हे तिला एका दमात कळलं.

वसंतरावांनी मग जंगल, पाणी, राख, पुढच्या पिढ्या असं बरंच सांगितलं. ते खोटं नव्हतं. साखराबाईच्या नणंदेच्या गावाजवळ असंच एक केंद्र होतं. तिथं वाळत घातलेलं धुणं संध्याकाळपर्यंत करडं व्हायचं आणि नणंदेचा नातू बारा महिने खोकायचा, हे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. शेवटी वसंतराव म्हणाले, "ताई, ही जमीन म्हणजे आपली आई आहे."

"सर, राग नका मानू," साखराबाई म्हणाली. "भावाला माझी सही पाहिजे, तुम्हाला ती नको हाय. आले मात्र दोघं बी सहीसाठीच. बाप मेल्यापासून साखरा कशी हाय म्हणून कोण आलं?"

वसंतरावांनी चप्पल घातली.

आत भावजय उमाबाई दुसऱ्या दिवसासाठी डाळ निवडत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. दोघींचं कधी फार गूळपीठ नव्हतं. भावजय-नणंदेचं असतं तेवढंच, सणावारापुरतं.

"तुला ठाऊक होतं, उमा?"

"हाव," उमाबाई डाळीतून मान वर न करता म्हणाली. "काय सांगू? त्यायनी बजावून ठेवलं होतं. अन् अक्का, करूनच टाका की सही. वाटा मागणाऱ्या बहिणीला माहेर ऱ्हात न्हाई. समदे करतात. म्या बी केली."

"मग तुझं माहेर ऱ्हायलं ना?"

उमाबाईचा हात सुपातच थांबला. मुद्दाम सांगायचं म्हणून ती बोलली नाही, निघून गेलं तोंडून. "सही केली त्या साली लई लाड केले. साडी काय, जेवण काय. त्याच्यामागं न्यायला कुणी आलं न्हाई. कशाला येतील? काम झालं होतं त्यांचं."

बाहेर दुधाची किटली वाजली तशी उमाबाईनं घाईघाईनं पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा डाळ निवडायला लागली.

आपल्याकडे हुंडा घेणाऱ्याला आता चारचौघांत थोडी लाज वाटते, निदान लाज वाटल्याचं दाखवावं तरी लागतं. बहिणीचा हक्क सोडवून घेणाऱ्याला तेवढंही करावं लागत नाही. त्याच्याकडे त्या दिवशी गोडाचं जेवण असतं. बहीण घास घेते, भाऊ वाढतो, आणि बघणारे म्हणतात, काय माया आहे बघा बहीण-भावाची! शिकलेली घरं यात मागे नाहीत. उलट त्यांच्याकडे हे काम इतकं सफाईनं होतं की बहिणीलाही ते आपणच सुचवलं असं वाटतं.

दुसरा दिवस चवथीचा. पंचमीच्या आदल्या दिवशी बहीण भावासाठी उपास धरते. भावाला आयुष्य मिळावं, रानात त्याच्या पायाला साप-किडूक लागू नये, म्हणून. साखराबाईनं लग्नाआधीपासून एकही चवथ सोडली नव्हती. ज्या सालांत भाऊ न्यायला आला नाही, त्या सालांतही नाही. आजही ती पहाटे उठली, डोक्यावरून न्हाली, आणि देवापुढं हात जोडून भावासाठी मागायचं ते मागून घेतलं. मग त्यानं दिलेली साडी नेसली. ती सही करणार होती. रात्रभर तिनं मनाशी उलटसुलट केलं होतं. भावाशी वैर धरून कोणत्या तोंडानं जगायचं? नणंदेचा नातू डोळ्यांपुढं यायचा, आणि त्याच्यापुढं कडेवरचा भागवत यायचा. तोच जिंकला.

किनवटच्या बाजारात कासारानं तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. भागवत शेजारी उभा राहून म्हणत होता, "चांगल्या घट्ट भरा, अक्काच्या हाताला शोभल्या पाहिजेत." कासार म्हणाला, "भाऊ असावा तर असा." साखराबाई हसली.

नोंदणी कार्यालयाच्या बाहेर चिंचेच्या झाडाखाली अर्जनवीस टेबल मांडून बसला होता. कागद तयारच होता. साक्षीदार म्हणून भागवतचे दोन मित्र आले होते. त्यांचा नंबर यायला वेळ होता म्हणून सगळे बाकावर बसले. भागवत उत्साहात होता. त्यानं कोपऱ्यावरच्या गाड्यावरून गरम कचोऱ्या आणल्या, साक्षीदारांना दिल्या, आणि एक कागदात बांधलेली साखराबाईच्या हातावर ठेवली.

"खा अक्का. सकाळपासून काय खाल्लं न्हाईस तू."

साखराबाईनं कचोरीकडं पाहिलं. मग भावाकडं पाहिलं. त्याच्या मिशीला कचोरीचा चुरा लागला होता आणि तो लहानपणीसारखाच भराभर खात होता.

"आज चवथ हाय, भागवत."

"मग?" तो तोंडात घास धरून म्हणाला. "पंचमी उद्या हाय. दुपारपर्यंत मोकळं होऊ आपण, काळजी करू नको."

त्याला आठवत नव्हतं. कुणासाठी उपास, हे तर दूरच, आज आपल्या बहिणीला उपास असतो हेसुद्धा त्याच्या गावी नव्हतं. बिचारा लबाडी करत नव्हता. लबाडी केली असती तर बरं झालं असतं, निदान मनात कुठं तरी टोचलं असतं. साखराबाईनं कचोरी शेजारच्या म्हाताऱ्याला देऊन टाकली आणि हात पुसले. कोणत्या माहेरासाठी आपण सही करतोय, हे तिला पहिल्यांदाच कळेना.

नाव पुकारलं. आत छोट्या कॅमेऱ्यासमोर तिला बसवलं. अंगठ्याचं यंत्र पुढं सरकवलं. टेबलापलीकडचे साहेब कागद उलटता उलटता रोजच्या सवयीनं म्हणाले, "बाई, यात काय लिहिलंय ते ठाऊक आहे ना? वडिलांच्या जमिनीतला हक्क राजीखुशीनं सोडताय ना?"

बायका इथं मान हलवतात. साहेबांनी मान हललीच असं धरून पुढचं पान उलटलंसुद्धा.

"न्हाई," साखराबाई म्हणाली.

साहेबांनी चष्म्यातून वर पाहिलं.

"राजी बी न्हाई अन् खुशी बी न्हाई. म्या सही करत न्हाई, साहेब."

"अक्का!" भागवत उठून उभा राहिला. "काय करून राहिलीस तू? घरून ठरवून आलो ना आपण?"

"तू ठरवून आला. मला बांगड्या भरायच्या म्हणून आणलं."

साहेबांनी कागद मिटला. "त्यांची इच्छा नसेल तर होणार नाही. पुढचा नंबर." इतकं बोलून त्यांनी पुढच्या माणसाला हात केला. त्यांच्या लेखी काम संपलं होतं.

बाहेर चिंचेखाली भागवत आधी ओरडला, मग त्यानं हात जोडले, मग तो खरंच रडला. "अक्का, आदिनाथचं काय करू म्या? नोकरी न्हाई म्हणून पोरगी देईना कुणी. तुला तुझं घर हाय, शेत हाय, ल्योक कमावता हाय. तुला काय करायचं त्या रानाचं?"

"ओढा बांधतील त्या रानातून. राख पडंल. आदिनाथ नोकरी करंल अन् त्याची लेकरं खोकतील. नणंदेच्या घरी बघून आलेय म्या."

"ते समितीवाले शिकवून गेले तुला!"

"मला कुणी शिकवलं न्हाई रं. चौथीतच सुटली शाळा, तुला कडेवर घेऊन."

भागवतनं डोळे पुसले. त्याचा आवाज एकदम थंड झाला. "एकच सांग. तुला माहेर पाहिजे का वाटा पाहिजे?"

"दोनी पाहिजेत," साखराबाई म्हणाली. "तुला बहीण बी हाय अन् रान बी हाय. तुला कुणी इचारत न्हाई, यातलं एक सोड म्हणून. मलाच का इचारता?"

"मग आजपासून तुला भाऊ न्हाई," भागवत म्हणाला आणि जीपमध्ये बसला. साक्षीदारही बसले. तिची पिशवी त्यानं खिडकीतून खाली ठेवली, टाकली नाही. जीप धुरळा उडवत निघून गेली. साखराबाईनं उपास सोडला नव्हता, आणि जीप वळणाआड गेली तेव्हा सवयीनं तिच्या तोंडातून निघालंच, "सांभाळून जाय रं."

मग मात्र ती तिथंच दगडावर बसली आणि पदरात तोंड घालून रडली. सासरी परत जावं तर पंचमीच्या आदल्या दिवशी माहेराहून परतलेली बाई बघायला सगळं गाव दारात येणार. बेलदरीला जावं तर भावाचं दार बंद. बाईला दोन घरं असतात म्हणतात. त्या दुपारी साखराबाईला एकही नव्हतं.

बातमी कार्यालयातून बाहेर यायला कितीसा वेळ लागणार? वसंतराव समितीची पाच-सहा माणसं घेऊन धावत आले. कुणी तरी हार आणला होता. "साखराताई, तुम्ही अभयारण्य वाचवलंत!" वसंतराव म्हणाले. "सोमवारी तहसीलवर मोर्चा आहे. तुम्ही पुढं चालायचं. तुमच्यासारखी एक बहीण उभी राहिली की हजार उभ्या राहतात."

हार गळ्यात पडणार तेवढ्यात साखराबाईनं हात आडवा केला. हिरव्या बांगड्या खळकन वाजल्या.

"सर, तुम्हाला बहीण हाय?"

"आहे ना. धाकटी, देविका. लातूरला असते, कॉलेजात शिकवते."

"तिचं नाव हाय का बेलदरीच्या तुमच्या रानावर?"

वसंतराव हसले, मग हसू ओसरलं. "नाही... म्हणजे तिनं आपणहून दिलं. तिला काही कमी नाही. आमच्यात कधी असा विषयच निघाला नाही."

"म्या बी आपणहूनच देणार होते, सर. साडी नेसूनच आले होते की." साखराबाईच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वसंतरावांना सोसेना. "म्या येते मोर्चाला. पुढं बी चालते. पण तुम्ही तिला फोन लावा. माझ्यासमोर लावा. सांगा तिला, तुझं नाव रानावर लावून घेतो म्हणून. वीज केंद्राशी भांडायचं तर भांडू, पण रान आपल्या समद्यांचं हाय म्हणायच्या आधी घरात तरी समद्यांचं करा."

सगळी माणसं वसंतरावांकडं पाहत होती. माघार घ्यावी असं त्यांना वाटलं असेल, पण एवढं खरं की ते माघारी फिरले नाहीत. हार डाव्या हातावर टाकून त्यांनी फोन काढला. रस्त्यावरच्या गलक्यात ऐकू येईना म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला. तिकडं फोन उचलला गेला.

"हॅलो, देविका? मी दादा बोलतोय."

सावध, थकलेला, शिकलेल्या बाईचा आवाज आला, "बोल दादा. आता कशावर सही राहिली?"

समितीतल्या एकानं चष्मा काढून उगाच पुसायला घेतला. वसंतरावांनी आयुष्यभर व्यासपीठावर कधी शब्द शोधले नव्हते, ते आता तोंड उघडत होते आणि मिटत होते. "सही नको गं," एवढंच अखेर त्यांना जमलं, "सही नको. तुझं तुला परत द्यायचंय." पलीकडे देविकाला ते खरं वाटत नव्हतं, आणि खरं का वाटावं?

साखराबाईनं पिशवी उचलली. बेलदरीला जाणारी काळीपिवळी जीप भरत आली होती, तिच्यात ती जाऊन बसली. भावानं दार उघडलं तर ठीक. नाही उघडलं तर ओढ्याकडच्या रानात बापानं घातलेली खोपी आहे, आणि ते रान तिचं आहे.

वीज केंद्राचं पुढं काय होईल, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. कंपनीला दुसऱ्या वाटा सापडतात, तशा भागवतलाही कुणी सांगेल. पण तेवढ्यासाठी ही हकीकत लिहिलेली नाही. वाचणाऱ्या भावांनो, आज संध्याकाळी तुम्ही तुमच्या बहिणीला सहज म्हणून फोन लावलात, तर तिचं पहिलं वाक्य काय असेल, ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला मात्र ते ठाऊक आहे.